कॉमिक्सचा मेळा भरवणारा माणूस स्वतः चित्रकार राहू शकतो का?

रेघोटी (नाशिक)

नमस्कार. मी चित्रं काढते. पोट चालतं ते पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांवर आणि मसाला-पापडवाल्यांच्या लेबलांवर. स्वतःचं म्हणावं असं एक कॉमिक चालू आहे, गोदाघाटावर वाढलेल्या एका मुलीची गोष्ट. निम्म्याच्या वर झालंय.

आम्हा चार मित्रमैत्रिणींच्या मनात आहे की नाशिकला एक दिवसाचा कॉमिक्स मेळा भरवावा. एक सभागृह, वीसेक टेबलं, दोन-तीन चित्रकारांशी गप्पा, मुलांना बसून चित्रं काढायला एक कोपरा. बाकीचे तिघे नोकरीवाले, त्यामुळे फोन, पैसे, परवानग्या हे सगळं माझ्याकडे येणार हे आत्ताच दिसतंय. माझे कलामहाविद्यालयातले सर म्हणाले, "एकदा आयोजक झालीस की लोक तुला आयोजक म्हणूनच ओळखतील. पुस्तक राहील बाजूला." ते माझ्या भल्याचंच सांगतायत, म्हणून जास्त लागलं.

ज्याने असा मेळा उभा केला आणि हातातलं पेनही सोडलं नाही, असा कुणी माणूस तुम्हाला माहीत आहे का? त्याची वर्षं कशी गेली, पोट कशावर चाललं, शेवटी समाधान मिळालं का? प्रेरणादायी वाक्यं नकोत, खरी हकीकत हवी आहे.

कागदीविमान (ठाणे)

मुंबईच्या कॉमिक कॉनला मी मित्राबरोबर अर्धं टेबल घेतो, तेवढ्यापुरतं सांगू शकतो. आपल्याकडे हे सुरू झालं २०११ च्या फेब्रुवारीत, दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये. जतीन वर्मांनी ते उभं केलं. पण ते प्रकाशनाच्या बाजूने आलेले, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

टेबलामागे बसणाऱ्याच्या नजरेतून एकच गोष्ट: आयोजकांपैकी कुणीतरी दिवसातून एकदा टेबलापाशी येऊन पुस्तक हातात घेऊन चाळावं. त्या एका गोष्टीने आम्ही पुढच्या वर्षी परत जातो. विक्री कमी झाली तरी जातो.

बोरू (सॅन डिएगो)

रेघोटी, तू विचारलंस तसा माणूस होऊन गेला. त्यांचं नाव शेल डॉर्फ. सॅन डिएगो कॉमिक-कॉन म्हणजे जगातला या प्रकारचा सगळ्यात गाजलेला मेळा, त्याच्या संस्थापकांतलं ठळक नाव.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा सांगलीचा. घरी पाट्या रंगवायचा धंदा होता. नोकरीनिमित्त इथे आलो आणि इथलाच झालो, पण गणपतीत मंडळाच्या फलकावरची अक्षरं अजून मीच काढतो. कॉमिक-कॉनला मी स्वयंसेवक म्हणून जातो. काही तास रांगा सांभाळायच्या, बदल्यात त्या दिवसाचा प्रवेश मिळतो. डॉर्फ मला जवळचे वाटतात ते मेळ्यामुळे कमी, अक्षरांमुळे जास्त. का ते पुढे येईलच.

डॉर्फ १९३३ साली डेट्रॉइटमध्ये जन्मले. वर्तमानपत्रात येणाऱ्या, डिक ट्रेसी या गुप्तहेराच्या चित्रपट्ट्या लहानपणापासून जपून ठेवायचा नाद. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि जाहिरात-छपाईच्या जगात सुटी कामं करत राहिले. म्हणजे तुझ्या लेबलांसारखंच, जे येईल ते. डेट्रॉइटमध्ये १९६४ साली तिथल्या काही तरुण पोरांनी कॉमिक्सप्रेमींचा एक छोटा मेळावा घेतला. पुढच्या वर्षी डॉर्फ आणि कॉमिक्सप्रेमी जेरी बेल्स यांनी तो हाती घेतला, त्याला 'डेट्रॉइट ट्रिपल फॅन फेअर' असं नाव मिळालं. अद्भुतरम्य साहित्य, चित्रपट आणि कॉमिक्स अशा तिन्हींचे चाहते एका छताखाली. आज जगभरच्या मेळ्यांत सिनेमा आणि कॉमिक्स शेजारी-शेजारी दिसतात. ती मांडणी तिथे, एका साध्या हॉटेलात, १९६५ सालीच झाली होती.

१९७० च्या सुमारास डॉर्फ सॅन डिएगोला आले, आई-वडिलांकडे लक्ष द्यायला. वय छत्तीस. मेळा भरवण्याचा अनुभव गाठीशी, पण गावात ओळख नाही. इथे त्यांना भेटली ती जुनी कॉमिक्स विकणारी, गोळा करणारी शाळकरी आणि कॉलेजातली पोरं: रिचर्ड आल्फ, माइक टाउरी, बॅरी अल्फॉन्सो, बॉब सोर्क. पुढे विज्ञानकथाकार म्हणून नाव कमावलेला ग्रेग बेअरही त्यांच्यातलाच. आणखी एक मोठा माणूस होता, केन क्रूगर. ओशन बीच भागात त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं आणि १९३९ सालच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला ते स्वतः हजर होते. पोरं त्या दुकानात जमायची.

डॉर्फनी या पोरांना घेऊन काय केलं बघ. त्यांना थेट जॅक किर्बींच्या घरी नेलं. कॅप्टन अमेरिका, फॅन्टास्टिक फोर यांची चित्रं घडवणारा माणूस! ज्यांची नावं पोरांनी फक्त पानाच्या कोपऱ्यात वाचली होती, ते समोर बसून बोलतायत. मेळा कसा असावा हे या पोरांना कुणी भाषण देऊन शिकवलं नाही. त्या दिवाणखान्यात त्यांनी तो पाहिला.

मग २१ मार्च १९७० ला यू. एस. ग्रांट हॉटेलात एक दिवसाचा छोटा मेळा झाला. पाहुणे एकच, विज्ञानकथा-भयपटांच्या चाहत्यांत नावाजलेले संपादक फॉरेस्ट अॅकरमन. माणसं शंभर-दीडशे. हेतू दोन: मोठ्या मेळ्यासाठी चार पैसे जमवायचे आणि या गावात लोक येतात का ते बघायचं. सुरुवातीच्या पैशांचा भार रिचर्ड आल्फने बराच उचलला, आणि तो तेव्हा किशोरवयीन होता. लोक आले, म्हणून १ ते ३ ऑगस्टला त्याच हॉटेलात तीन दिवसांचा मेळा भरला. किर्बी आले, विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी आणि व्हॅन व्होग्ट आले. तीनेकशे माणसं होती. आज त्याच मेळ्याला सव्वा लाखाहून जास्त लोक येतात आणि बंदरालगतचं अख्खं कन्व्हेन्शन सेंटर कमी पडतं. ते हॉटेल १९१० सालचं. ब्रॉडवेवर अजून उभं आहे, मी ट्रॉलीने, म्हणजे इथल्या ट्रामने, गावात उतरलो की त्यावरून जातो.

आता तुझा खरा प्रश्न. या सगळ्यात डॉर्फच्या हातातलं पेन गेलं का? नाही गेलं. मेळा वाढत होता त्याच काळात, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, त्यांनी मिल्टन कॅनिफ यांच्या 'स्टीव्ह कॅन्यन' या वर्तमानपत्री चित्रमालिकेचं अक्षरलेखन, म्हणजे पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत संवाद हाताने लिहायचं काम, हाती घेतलं. १९८८ मध्ये कॅनिफ गेले आणि मालिका संपली, तोवर ते करत राहिले. रोजची पट्टी आठवड्यात सहा दिवस, वर रविवारची मोठी. वर्तमानपत्र कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मेळ्याची धावपळ असो नसो, फुग्यांतली अक्षरं वेळेत गेलीच पाहिजेत. दहा-बारा वर्षं हे सांभाळणं म्हणजे काय ते पाट्या रंगवणाऱ्या घरात वाढलेल्याला बरोबर कळतं.

जुनापाना (कोल्हापूर)

बोरूंचा प्रतिसाद आवडला, पण दोन शंका आहेत, स्पष्टच विचारतो.

एक, सॅन डिएगोचा मेळा एका माणसाने सुरू केला असं म्हणता येत नाही. तुम्हीच पाच-सहा नावं दिलीत. दोन, रेघोटीला स्वतःचं पुस्तक पुरं करायचंय. डॉर्फनी दुसऱ्याच्या मालिकेत अक्षरं लिहिली. त्यांचं स्वतःचं गाजलेलं कॉमिक कुठलं? मग सरांचं म्हणणंच खरं ठरतं ना?

मी इंद्रजालवर वाढलेला माणूस आहे. १९६४ पासून १९९० पर्यंत ती कॉमिक्स निघत होती, मराठीतूनही. वेताळ आणि मँड्रेक तोंडपाठ होते. पण मराठी फुग्यांतली अक्षरं कुणी बसवली हे त्या काळात आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. म्हणून अक्षरलेखकाला 'कलावंत' म्हणायचं का, याबद्दल मला खरंच ऐकायचंय.

बोरू (सॅन डिएगो)

जुनापाना, पहिली शंका शंभर टक्के मान्य. क्रूगर आणि ती पोरं नसती तर काहीच उभं राहिलं नसतं, म्हणून तर नावं दिली. डॉर्फनी आणलं ते दोन गोष्टींचं भांडवल: डेट्रॉइटचा अनुभव आणि चित्रकारांशी असलेली ओळख. इथली पोरं हुशार होती, पण किर्बींना फोन लावायची हिंमत आणि ओळख त्यांच्यातल्या मोठ्या माणसाकडे होती.

दुसऱ्या शंकेवर मात्र मी ठाम असहमत आहे.

अक्षरलेखक हा कॉमिकचा पहिला वाचक असतो. सगळं हाताने व्हायचं त्या काळात चित्रकाराने पेन्सिलीने चौकटी आखल्या की बहुतेक वेळा शाई आधी पडायची ती अक्षरांवर. कुठला फुगा आधी वाचला जावा, कुठल्या शब्दावर ओळ मोडावी, किती जागा मोकळी सोडावी म्हणजे पात्र श्वास घेतंय असं वाटेल, हे सगळं तिथे ठरतं. चौकटीतल्या चित्राला धक्का न लावता. 'स्टीव्ह कॅन्यन' १९४७ साली सुरू झालेली मालिका, आणि कॅनिफ तर संवादांसाठीच नावाजलेले. पात्रं भरपूर बोलतात. वर्तमानपत्रातली पट्ट्यांची जागा दर दशकात आखडत गेली होती, त्यामुळे शेवटच्या वर्षांत त्या एवढ्याशा जागेत ते सगळं बोलणं बसवायचं आणि आजोबांना चष्मा पुसावा न लागता वाचता आलं पाहिजे. ज्यांनी हे केलं त्यांना मी कलावंतच म्हणणार.

आणि हे मी एकटा म्हणत नाही. ज्यांच्या हाताला जग मान देतं अशा दोघांनी डॉर्फना आपल्या चित्रांत जागा दिली. कॅनिफनी त्यांच्यावरून 'थड शेली' नावाचा एक भला फुटबॉलपटू रंगवला. किर्बींनी १९७२ साली आपल्या 'मिस्टर मिरॅकल' या कॉमिकमध्ये हिमॉन नावाचं पात्र आणलं, त्याचा चेहरामोहरा डॉर्फचा. हिमॉन कोण? सगळीकडे दडपशाही असलेल्या एका जगात लपून-छपून राहणारा शोधक, जो तिथल्या पोरांना गोळा करतो आणि स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकवतो. त्याला पुन्हा पुन्हा मारतात, तो पुन्हा पुन्हा परततो. किर्बींनी ज्या माणसाला आपल्या घरी पोरांच्या घोळक्यात बसलेलं पाहिलं होतं, त्याच्याबद्दल त्यांना काय वाटलं ते यात आहे. माझ्या मते कुठल्याही पुरस्कारापेक्षा हे मोठं. तसा मेळ्याचा इंकपॉट पुरस्कारही त्यांना १९७५ मध्ये मिळाला.

गाजलेलं स्वतःचं कॉमिक त्यांच्या नावावर नाही, हे तुम्ही बरोबर बोललात. ते रेघोटीपासून लपवण्यात अर्थ नाही. पण मेळ्याने ते हिरावून घेतलं असं मला वाटत नाही. त्यांचं मन दुसऱ्यांच्या चित्रांत रमणारं होतं. ऐंशीच्या दशकात त्यांनी डिक ट्रेसीच्या जुन्या पट्ट्यांच्या पुनर्मुद्रणाचं संपादन केलं. १९९० साली त्या पात्रावर हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाला तेव्हा सल्लागार म्हणून त्यांनाच विचारलं. लहानपणी जपलेल्या कात्रणांनी पन्नाशी उलटल्यावर काम दिलं! रेघोटीचं मन जर गोदाघाटावरच्या त्या मुलीत असेल, तर तिची वाट वेगळी असेल. सर चिंता करतायत ती वेळेची, आणि ती खरी आहे. पण वेळ खाणारी गोष्ट मेळा नव्हे. मेळ्यातली सगळी कामं एकटीने करायचा हट्ट, तो वेळ खातो.

समाधानाचं विचारलंस, तर ती बाजू हळवी आहे. ऐंशीच्या दशकात डॉर्फ संस्थेपासून दूर झाले. मेळा अवाढव्य झाला, चित्रपट कंपन्या आल्या, आणि आपण ज्यासाठी हे सुरू केलं ते चित्रकार कोपऱ्यात गेले असं त्यांना वाटत राहिलं. २००९ मध्ये मेळ्याची चाळिशी साजरी झाली तेव्हा ते आजारी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इथेच, सॅन डिएगोत, शहात्तराव्या वर्षी गेले. सहा हजारांवर माणसं मावणाऱ्या हॉल एचच्या बाहेर रात्रभर झोपलेली मुलं मी दरवर्षी बघतो. त्यांतल्या फार थोड्यांना हे नाव माहीत असतं. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो.

जुनापाना (कोल्हापूर)

पटलं. आज घरातले जुने अंक काढून फक्त फुगे बघत बसलो. इतकी वर्षं हातात असून हे पाहिलंच नव्हतं. धन्यवाद.

रेघोटी (नाशिक)

बोरूकाका, दोनदा वाचलं. डॉर्फचं स्वतःचं पुस्तक नव्हतं हे तुम्ही सरळ सांगितलंत म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला. आईलाही वाचून दाखवलं, तिला ती आई-वडिलांसाठी गाव बदलल्याची गोष्ट लागली.

आता नेमकं विचारते. मोठ्या चित्रकाराला बोलवायचं कसं, आमच्याकडे मानधनाला फारसे पैसे नाहीत. सगळी कामं एकटीने करू नकोस म्हणता, पण बाकीचे तिघे नोकरीत आहेत. आणि तिसरं मेळ्याबाहेरचं: माझ्या कॉमिकमध्ये अक्षरं मी संगणकावरचा फॉन्ट वापरून टाकतेय आणि ती चित्रावर चिकटवल्यासारखी दिसतात. हाताने काढायला घेऊ का?

कागदीविमान (ठाणे)

पहिल्यावर माझे दोन पैसे. फोन करताना "आमचा मेळा आहे, या" असं म्हणू नकोस. त्यांचं कुठलं काम तू कधी पाहिलंस आणि त्यातलं काय आवडलं ते सांग, मग बोलाव. प्रवासखर्च, राहायची सोय आणि जेवण मात्र आधीच लेखी कळव. ज्येष्ठ माणसांना हे विचारायला संकोच वाटतो. मी टेबल लावायला येणार, आत्ताच नाव घाल.

बोरू (सॅन डिएगो)

कागदीविमानने सांगितलं त्यात एकच भर. पहिल्या वर्षी पाहुणा एकच ठेव. मार्च १९७० मध्ये एकच होता. एका पाहुण्याकडे नीट लक्ष देता येतं, आणि तो माणूस परत जाऊन चार जणांना सांगतो.

कामांचं म्हणशील तर नोकरीवाल्यांकडे बघू नकोस, पोरांकडे बघ. तुझ्या कलामहाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मुलं असतील, त्यांना हे आपलं वाटलं की ती जीव टाकतात. पण त्यांना फक्त खुर्च्या उचलायला बोलावू नकोस. एकाला हिशेब दे, एकाला पाहुण्यांची जबाबदारी, एकीला टेबलांची मांडणी. चुकतील, चुकू दे. आणि मेळ्याआधी एखाद्या रविवारी त्यांना त्या चित्रकाराच्या घरी घेऊन जा, परवानगी घेऊन. सरांनाही बरोबर ने. ते अडवणारे वाटत नाहीत मला, काळजी करणारे आहेत.

हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत, तुझ्या घरखर्चाला हात न लावता. टेबलाचं भाडं आधी गोळा कर आणि सभागृहाचं भाडं त्यातून निघतंय की नाही ते बघ. निघत नसेल तर सभागृह लहान कर.

पुस्तकासाठी दिवसाचा एक ठरलेला वेळ राखून ठेव आणि तो तिघांनाही सांगून ठेव, म्हणजे त्या वेळात तुला फोन येणार नाही. डॉर्फना वर्तमानपत्राची तारीख होती. तुला तारीख देणारं कुणी नाही, म्हणून तू एखाद्याला दर आठवड्याला पुरं झालेलं पान दाखवायचं कबूल कर.

आता अक्षरं. हाताने जरूर काढ. पण इंग्रजी कॉमिक्स समोर ठेवून ओळी आखू नकोस. त्यांची मोठ्या लिपीतली अक्षरं सगळी एका उंचीची, त्यामुळे ओळीला ओळ जवळ खेटते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना भिडल्या की वाचणारा अडखळतो. म्हणून ओळींत अंतर जास्त हवं. त्याचा अर्थ फुग्यात एक ओळ कमी बसणार, म्हणजे संवाद आधी छाटायला लागणार. हे लिहिताना कर, चित्र झाल्यावर नको.

क्रम असा ठेव: पेन्सिलीने चौकट, मग हलक्या हाताने शिरोरेघा, मग अक्षरं, आणि फुगा सगळ्यात शेवटी अक्षरांभोवती. बहुतेक जण आधी फुगा काढतात आणि मग आत अक्षरं कोंबतात, चिकटवल्यासारखं दिसण्याचं एक कारण तेच असतं. तिरक्या टोकाचं कटनिब चालेल, पण जाड-बारीकपणा फार दाखवू नकोस, लहान आकारात छपाईला बारीक रेघा उडून जातात. एकसारख्या जाडीच्या पेनाने सुरुवात केलीस तरी हरकत नाही. मुलीचं बोलणं आणि आजीचं बोलणं वेगळं दिसावं असं वाटलं तर अक्षराचा तोल किंचित बदल, फॉन्ट बदलल्यासारखं करू नकोस.

तुझी दोन पानं इथे टाक, एक फॉन्टवालं आणि एक हाताने काढलेलं. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढ, म्हणजे ओळींतलं अंतर किती मिलिमीटर आहे ते मला दिसेल. शनिवारी मी मोकळा असतो, बघून सांगतो.